विश्वास ठेवायचा असतो की बसायचा?

आमच्या मंडळीतल्या एका मुलीनं मला प्रश्न विचारला आहे. तिच्या परवानगीनंच इथे उत्तर देतो, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. वडील पूर्वी दर रविवारी उपासनेत पेटी वाजवायचे. आता ते तिला स्कूटरवर चर्चच्या फाटकाशी सोडतात आणि उपासना संपेपर्यंत बाहेरच पेपर वाचत बसतात. ती म्हणते, "बाबा, विश्वास ठेवा." ते म्हणतात, "ठेवायला काय, ठेवीन. पण बसत नाही ना."

गेल्या महिन्यात तिनं दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन उपदेश ऐकले. एका वक्त्यानं इफिसकरांस पत्र २:८ वाचून सांगितलं की विश्वास हे देवाचं दान आहे. दुसऱ्यानं तेच वचन वाचून सांगितलं की दान आहे ते तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वास मात्र आपला आपण आणायचा. तिचं विचारणं असं: "पास्टर, यातलं खरं कोणतं? आणि पहिलं खरं असेल तर ते दान माझ्या बाबांना का नाही दिलं?"

मी ३१ वर्षं पाळक आहे. यातला पहिला प्रश्न मला सेमिनरीत परीक्षेला आला होता. दुसरा परीक्षेला कधीच येत नाही. तो लोकांच्या घरी, निघायच्या वेळी, चपला घालताना विचारला जातो.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. तारणदायी विश्वास हे देवाचं दान आहे. पण ज्या वचनावरून ते सिद्ध करायची आपल्याकडे रीत पडली आहे, त्या वचनात ते तितकं सरळ लिहिलेलं नाही. आणि 'दान' म्हटलं की कुणाला मिळालं, कुणाला वगळलं अशी वाटपाची यादी तुझ्या डोळ्यांपुढे येते, ती यादी त्या शब्दात नाही.

आधी वचन घेऊ. "कारण कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे, आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे." सगळा वाद त्या 'हे'चा आहे. इंग्रजी बायबल वाचणाऱ्याला तो चटकन दिसत नाही, कारण इंग्रजीत वस्तूंना लिंग नसतं. मराठीत तीन लिंगं आहेत, ग्रीकमध्येही तीन, म्हणून आपल्याला हे सोपं जातं. विश्वास तो, कृपा ती, आणि 'हे' नपुंसकलिंगी. ग्रीकमध्ये विश्वासाला 'पिस्तिस' म्हणतात, कृपेला 'खारिस', आणि दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. पत्र लिहिणाऱ्या पौलानं वापरलेलं 'तूतो', म्हणजे 'हे', मात्र नपुंसकलिंगी आहे. त्याला नेमकं विश्वासाकडेच बोट दाखवायचं असतं तर स्त्रीलिंगी रूप हाताशी होतं. ते त्यानं घेतलं नाही.

मराठीत वर आणखी एक गंमत झाली आहे. आपला 'तारण' शब्द नपुंसकलिंगी, त्यामुळे 'हे' सरळ जाऊन तारणाला चिकटतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, झालं, प्रश्न मिटला. पण पौलाच्या वाक्यात 'तारण' हे नाम नाहीच. 'तुम्ही तारलेले आहात' असं क्रियापद आहे. तेव्हा दुसऱ्या वक्त्यानं मराठी व्याकरणाच्या जोरावर फार ताठ उभं राहू नये.

मग ते 'हे' कशासाठी आलं आहे? आपण रोज बोलतो तसंच. "वहिनींच्या ओळखीनं दवाखान्यात बेड मिळाला, आणि हे काही आपल्या पैशानं झालं नाही." इथलं 'हे' ओळखीला उद्देशून नाही आणि बेडलाही नाही. जे घडलं त्या सगळ्याला आहे. पौलाचं 'हे' असंच आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन म्हटलं की लोकांना वाटतं, 'विश्वास दान आहे' हे त्यानं याच वचनावरून काढलं. पण या वचनाच्या भाष्यात तो स्वतः म्हणतो की इथे दान म्हटलं आहे ते विश्वासाला नव्हे, तारणाला. पहिला वक्ता एवढ्या वचनापुरता चुकला.

पण म्हणून दुसरा जिंकला असं होत नाही. घडलं ते सगळं दान, तर त्या सगळ्यात 'विश्वासाच्या द्वारे' हेही आलंच. तेवढाच तुकडा उचलून 'हा माझ्या घरचा' म्हणून बाजूला ठेवता येत नाही. शिवाय त्याच पत्राच्या शेवटी, ६:२३ मध्ये, देव पिता आणि प्रभू येशू यांच्यापासून येणाऱ्या गोष्टींमध्ये प्रीतीच्या जोडीला विश्वासाचं नाव आहे. ते वचन उपदेशात फारसं कुणी घेत नाही. पत्राचे शेवटचे नमस्कार आपण वरवर वाचून सोडतो.

मी शिकवताना इफिस सोडून फिलिप्पैला जातो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. नदीकाठी काही बायका जमल्या आहेत. त्यांच्यात थुवतीरा गावची, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी लुदिया आहे. ती ऐकते आहे, आणि लूक लिहितो की प्रभूनं तिचं अंतःकरण उघडलं, म्हणून पौलाच्या बोलण्याकडे तिचं लक्ष लागलं. ऐकणं तिचं, उघडणं त्याचं. त्याच अध्यायात, त्याच शहरात, पौल बंदिशाळेत असताना, मध्यरात्री भूकंप होतो. बंदिशाळेचा नायक थरथरत येऊन विचारतो, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू? पौल त्याला म्हणत नाही की थांब, तुझं अंतःकरण उघडलं आहे का ते आधी पाहू. तो सरळ आज्ञा देतो: प्रभू येशूवर विश्वास ठेव.

पुढे बऱ्याच वर्षांनी पौल कैदेतून त्याच शहराला पत्र लिहितो. त्यात १:२९ ला तो म्हणतो की ख्रिस्तावर विश्वास ठेवणं आणि त्याच्यासाठी दुःख सोसणं, या दोन्ही गोष्टी तुम्हांला कृपेनं देण्यात आल्या आहेत. तिथलं ग्रीक क्रियापद 'खारिस' याच शब्दापासून आलेलं आहे, म्हणजे 'कृपादान म्हणून दिलं गेलं'. इथे व्याकरणाची ओढाताण करावी लागत नाही. दान काय, तर 'विश्वास ठेवणं', असं स्वच्छ लिहिलं आहे. ते पत्र वाचलं गेलं तेव्हा तो नायक तिथे बसला होता का, शास्त्र सांगत नाही. बसला असावा असं समजायला मला आवडतं. ज्याला त्या रात्री 'ठेव' म्हणून सांगितलं होतं, त्यानं एवढ्या वर्षांनी ऐकलं की तू जो ठेवलास तोही तुला दिलेलाच होता.

आता तुझ्या बाबांच्या वाक्याकडे येतो. ते वाक्य ऐकून मी चकित झालो, कारण या विषयावर इतकं नेमकं बोलायला मला सेमिनरीची वर्षं लागली. मराठीत विश्वास दोन तऱ्हांनी होतो. तो ठेवतात, आणि तो बसतो. 'मी डॉक्टरांवर विश्वास ठेवला' यात कर्ता मी. 'डॉक्टरांवर माझा विश्वास बसला' यात कर्ता विश्वास आहे, आणि मी नुसता 'माझा' एवढ्यापुरता उरतो. ठेवण्याची आज्ञा देता येते. 'बस' अशी आज्ञा मी माझ्या विश्वासाला देऊ शकत नाही. त्या डॉक्टरांनी माझ्याशी काहीतरी केलेलं असतं, नीट तपासलेलं असतं, रात्री फोन उचललेला असतो, म्हणून तो बसतो. विश्वास बसवणारा समोरचा असतो. 'दान' म्हणायचं ते याला. देव माझ्या जागी विश्वास ठेवत नाही. ठेवणारा मीच. पण तो बसतो त्याच्यामुळे.

मार्टिन ल्यूथरनं १५२९ मध्ये मुलांना आणि साध्या घरांना शिकवण्यासाठी लहान प्रश्नोत्तरी लिहिली. तिच्यात पवित्र आत्म्याविषयीच्या भागाची सुरुवातच अशी आहे: मी आपल्या बुद्धीनं किंवा बळानं येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, असा माझा विश्वास आहे. विश्वास ठेवता येत नाही यावर विश्वास! दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गात मुलं हसतात इथे. हसू द्यावं. पुढच्याच वाक्यात तो सांगतो की पवित्र आत्म्यानं मला सुवार्तेच्या द्वारे बोलावलं.

कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? विश्वास माझा असला काय, दिलेला असला काय, तारण तर झालं! फरक पडतो, आणि तो नागपूरच्या इतवारी बाजारातल्या पाट्यांवर लिहिलेला आहे: 'सोने तारण कर्ज'. चर्चच्या बाहेर मराठीत तारण म्हणजे गहाण ठेवायची वस्तू. मी दागिना ठेवतो, समोरचा रक्कम देतो. नकळत आपण विश्वासाचंही असंच करतो. मी माझा विश्वास देवाच्या काउंटरवर ठेवला, वजन झालं, त्या वजनाइतकी कृपा मंजूर झाली. मग ज्याच्याकडे दागिना भारी त्याला कर्ज जास्त, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो रांगेतून बाहेर. मुलगी फाटकाच्या आत आणि बाप बाहेर असेल, तर मुलीनं काहीतरी जास्त आणलं असं होतं. नेमकं हेच पौलाला नको आहे, म्हणून २:९ मध्ये तो लगेच म्हणतो की कुणी आढ्यता बाळगू नये.

आरंभीच्या चर्चचा थोर आचार्य ऑगस्टीन याला ही गोष्ट उशिरा कळली. बिशप होण्याआधी तोही मानायचा की कृपा देवाची, पण पहिला विश्वास आपला. म्हातारपणी, ४३० साली तो वारला त्याच्या जेमतेम वर्ष-दोन वर्षं आधी, त्यानं लिहून ठेवलं की तेव्हा मी चुकलो होतो, आणि पौलाच्या एका प्रश्नानं माझं मत बदललं: "तुला मिळाले नाही असे तुझ्याजवळ काय आहे?" हे पहिलं करिंथकरांस ४:७. एवढ्या मोठ्या माणसानं स्वतःची चूक छापील उत्तरासारखी मांडावी, हे मला त्याच्या बाकीच्या विद्वत्तेपेक्षा मोलाचं वाटतं. शंभरेक वर्षांनी, ५२९ मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंज इथे भरलेल्या धर्मसभेनं ठरवून टाकलं की विश्वासाची वाढच काय, सुरुवातसुद्धा कृपेचं दान आहे. त्याच सभेनं एक गोष्ट तितक्याच कडक शब्दांत सांगितली. देवानं काही माणसांना वाईटासाठी नेमून ठेवलं आहे, असं कुणी मानत असेल तर त्याचा आम्ही धिक्कार करतो. हा दुसरा ठराव सांगायला लोक विसरतात. तुला तो आधी ऐकायला हवा होता.

पुढचे तंटे मी भराभर सांगतो, कारण ते जितके मोठे दाखवले जातात तितके या मुद्द्यावर नाहीत. नेदरलंड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेत, १६१८-१९ मध्ये, कॅल्विनच्या परंपरेचे लोक आणि डच धर्मपंडित आर्मिनियसचे अनुयायी भांडले. पण आर्मिनियसच्या अनुयायांनीही १६१० च्या आपल्या निवेदनात लिहिलं होतं की तारणदायी विश्वास माणसाला स्वतःपासून, स्वतःच्या इच्छेच्या बळावर लाभत नाही. भांडण होतं ते त्या कृपेला माणूस नाही म्हणू शकतो की नाही, यावर. मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली आर्मिनियसच्या बाजूचा, तरी विश्वासाला दानच म्हणायचा. कॅथोलिक शिकवणही तेच सांगते, आणि लगेच जोडते की विश्वास ठेवणं ही खऱ्या अर्थानं माणसाचीही कृती आहे. म्हणजे तुझा दुसरा वक्ता वाटतो तितका आर्मिनियसवालाही नव्हता. 'आपला आपण आणायचा' असं यांच्यातलं कुणीच म्हटलेलं नाही.

नागपुरात राहून हे समजायला खरं तर सोपं आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, कॅल्विनच्या परंपरेतले. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक झाल्या त्या इथेच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन होते, ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट होते, बाप्टिस्टही होते. या एकीनं तान्ह्या बाळाचा बाप्तिस्माही मान्य केला आणि विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्या माणसाचाही. मला या दोन विधींमध्ये आपला प्रश्नच उभा दिसतो. बाळ काहीच आणत नाही, झोपलेलंसुद्धा असतं. तिथे दान दिसतं. मोठा माणूस स्वतःच्या तोंडानं 'होय' म्हणतो. तिथे 'ठेव' ही आज्ञा दिसते. आम्ही दोन्ही एकाच छताखाली करतो आणि नंतर एकत्र जेवतो.

आता दुसरा प्रश्न. बाबांना का नाही दिलं?

याचं उत्तर देण्यात मी एकदा फार वाईट चुकलो आहे. पाळक होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एका बाईंचा मोठा मुलगा चर्चपासून तुटला होता. त्यांनी हाच प्रश्न विचारला. मी तरुण, डोक्यात पुस्तकं ताजी. म्हणालो, "दान आहे बाई, देणाऱ्याची मर्जी." त्यांनी माझ्या पुढ्यातला अर्धा कप उचलून आत नेला आणि त्यानंतर त्या मुलाचं नाव माझ्याजवळ कधी काढलं नाही. मी बोललो त्यातला एकेक शब्द वचनांतून काढून दाखवता आला असता. तरी ते उत्तर नव्हतं.

पौल विश्वासाला दान म्हणतो तेव्हा तो नेहमी ज्यांनी विश्वास ठेवला आहे त्यांच्याशी बोलत असतो, मागे वळून, उपकार मानत. फिलिप्पैकरांना, इफिसकरांना. शेजारच्या घरात डोकावून 'याला मिळालेलं दिसत नाही' असं मोजायला त्यानं हा शब्द कधी वापरलेला नाही. दुसऱ्या पेत्राच्या पहिल्याच वचनात 'विश्वास मिळालेले' यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, त्याला चिठ्ठीनं वाट्याला येण्याचा अर्थ आहे. मराठीत सोंगट्यांच्या खेळातही दान पडतं, आणि मला कळतं की तुझी भीती हीच आहे: माझं दान सुलटं पडलं, बाबांचं उलटं. पण पेत्र तिथे कवड्या टाकत नाही. तो परराष्ट्रीयांना सांगतो आहे की तुमच्या वाट्याला आलेला विश्वास आम्हा प्रेषितांच्या विश्वासाइतक्याच मोलाचा आहे.

ही भीती तुझ्याआधी एका पोरानं भोगली आहे, आणि त्याचं नाव तू रोज ऐकतेस. सदरमधलं कॅथोलिक कॅथेड्रल, एसएफएस शाळा, कॉलेज ज्याच्या नावानं आहेत तो फ्रान्सिस द सालेस. १५८६-८७ च्या सुमारास, एकोणीस-वीस वर्षांचा असताना, तो पॅरिसमध्ये शिकत होता. देवानं आपल्याला निवडलेलंच नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. कित्येक आठवडे अन्न जाईना, झोप येईना. त्याला कुणी वादात हरवलं नाही, कुणी उत्तरही दिलं नाही. एका चर्चमध्ये जाऊन त्यानं अशा अर्थाची प्रार्थना केली की पुढे माझं काहीही होवो, निदान या आयुष्यात मी तुझ्यावर प्रीती करीन. आणि ती भीती उतरली. पुढे हा माणूस बिशप झाला आणि घाबरलेल्या लोकांना सांभाळण्यासाठीच ओळखला गेला.

माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की देव हे दान हवेतून टाकत नाही. रोमकरांस १०:१७ म्हणतं, विश्वास ऐकण्यानं होतो. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत ६५ वा प्रश्नच आहे की हा विश्वास येतो कुठून. उत्तर: पवित्र आत्मा तो सुवार्तेच्या घोषणेनं अंतःकरणात निर्माण करतो आणि संस्कारांनी पक्का करतो. म्हणजे शब्द, पाणी, भाकर, माणसं. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले तेव्हा रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला. दिलं ते पुस्तक. तेव्हा कुणाला वाटलं असतं की दुसरंही काही दिलं जातं आहे? त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाई तर त्यांच्या पत्नी. त्यांना आणखी काही वर्षं लागली. त्या मधल्या वर्षांत त्यांना दान 'नाकारलं' होतं असं कुणी म्हणेल का?

तुझ्या बाबांबद्दल मी काही सिद्ध करायला जात नाही. ते आतून विश्वासणारेच आहेत, असं गोड बोलून मी तुझी समजूतही काढणार नाही. बसत नाही म्हणतात, तर बसत नसेल. पण दोन गोष्टी मला दिसतात. एक, पेपर वाचायला सदरमध्ये आमच्या फाटकापेक्षा सावलीच्या जागा पुष्कळ आहेत, आणि आमचा आवाज फाटकापर्यंत नीट जातो. दोन, 'बसत नाही ना' यातला 'ना'. मार्कच्या नवव्या अध्यायात एक बापच येशूपुढे म्हणतो की मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवा. अर्धं वाक्य ठेवण्याचं, अर्धं बसत नसल्याचं. येशूनं त्याला आधी विश्वास पुरा करून आण म्हणून परत पाठवलं नाही.

तेव्हा तू त्यांना 'ठेवा' म्हणणं काही दिवस थांबव. ती आज्ञा खरी आहे, पण मुलीच्या तोंडून रोज आली की तिचा तगादा होतो. प्रार्थना करत राहा. विश्वास दान नसता तर ती करण्यात तरी काय अर्थ होता? सगळं बाबांच्याच हातात असतं, मग देवाकडे काय मागायचं होतं!

आणि एक निरोप दे. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला गायनाचा सराव असतो. नवा मुलगा चांगला आहे, पण प्रत्येक गीत काळी एकमध्येच धरतो आणि बायकांचे आवाज खालीच अडकतात. शिवाय पेटीचा भाता कुठेतरी फुटला आहे, हवा धरत नाही. बाबांना म्हणावं, पास्टरनं पेटी बघायला बोलावलं आहे. उपासना नाही, उपदेश नाही. स्क्रू ड्रायव्हर त्यांचा आणावा लागेल, आमचा हरवला आहे.